फोनला माझं तोंड पटंना

आमच्या गावात फोनची रेंज एकाच जागी लागती. व्हाळ, म्हंजे वढा, वलांडायचा, काजूचं बन मागं टाकायचं, चढ चढून माळावर यायचं. तितं एक जुनी जांभळ हाय. तिच्या बुडाशी, उगवतीच्या अंगाला उभं ऱ्हायलं की फोन बोलतोय. मावळतीला चार पावलं सरकलं की गप. बाकीचं गाव खाली झाडांच्या पोटात, तितं फोन म्हंजे नुसती डबी. पोरं त्यात गाणी भरून आणत्यात आणि ऐकत्यात, तेवढंच.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या जांभळीखाली झालं.

मी सातवीपत्तूर शिकले, रामनगरला, मावशीकडं ऱ्हाऊन. मग लगीन झालं. माझी सासू म्हंजे माझ्या बाची सख्खी भन, म्हणून मी तिला आत्तीच म्हणते, लगनाआधी बी आणि नंतर बी. आमच्यात असंच असतंय. आत्तीच्या घरात दिली की पोरगी परकी होत न्हाई म्हणत्यात. ते खरं हाय, पण त्येच्यामुळंच हा सगळा घोटाळा झाला.

माझी पोरगी जल्मली तवा दोन किलो शंभर ग्रामची. एका हातात मावायची. जोयड्याच्या दवाखान्यातनं घरी आलो आणि आठ दिवसांनी सिस्टर आली. ती आमच्या चार-पाच गावांत चालत फिरती. तिनं झोळीच्या काट्याला पोरगीला लटकावलं, माझ्या बोटातनं रक्त काढलं, बघितलं आणि म्हणली,

“तुझं रक्त सात हाय गं, अकरा तरी पायजे. कशावर चाललीयास तू?”

मी म्हणले, “चालत कुठं हाय, बसूनच हाय.”

“दूध कसं हाय?”

मी खाली बघितलं.

“ऐक. तू खाल्लंस तर दूध येणार, दूध आलं तर हिचं वजन वाढणार. दोन म्हयनं भरायच्या आत ही तीन किलो झाली पायजे. न्हाई झाली तर कारवारला न्यायची. तितं बारक्या पोरांचा वॉर्ड हाय, पंधरा दिवस ठेवून घेतात, चांगलं बघतात.”

चांगल्यासाठीच बोलली ती. पण मला कारवार म्हणलं की अणशीचा घाट दिसतोय. माझं पैलं पोर असंच हलकं होतं. त्येला कारवारला न्ह्यायला गाडी टायमाला आली, डायवर चांगला होता, संगट सिस्टर होती. कुणाची चूक न्हाई. अर्ध्या घाटात माझ्या मांडीवर ते गप झालं. गाडी माघारी वळवायला पण तितं जागा नव्हती. वळवायसाठी पुढं जावं लागलं.

म्हणून तीन किलो. मला दुसरं काय सुचायचं न्हाई. पोरगी झोपली तरी तीन किलो, जागी झाली तरी तीन किलो.

आता खायाचं. सरकारकडनं बाळंतिणीला दर म्हयन्याला पाकीट मिळतंय. पीठ, गूळ, शेंगदाणं, मूग. अंगणवाडीत येतंय. अंगणवाडीच्या बाईंना आमी अक्कोरू म्हणतो, कन्नडात शिकवणाऱ्या बाईला तसंच म्हणत्यात. आमच्या अक्कोरू चांगल्या बाई. त्यांचं आमचं घर एकाच व्हाळावर, वर-खाली. मी गरवार हाय हे माझ्या नवऱ्याआधी त्यांना कळलं होतं, दोन्ही बारी.

पण पाकीट द्यायचं म्हणलं की अक्कोरूंना आता वळख चालत न्हाई. फोन लागतोय. फोनसमोर आपण उभं ऱ्हायाचं, तो तोंड बघणार, आधार कार्डाचा फोटो बघणार, दोन्ही एक हाय म्हणला, आपण डोळं मिचकावलं, की मग पाकीट. डोळं कशाला मिचकावायचं तर आपण जितं हाय हे त्येला कळायला.

“आधी असं नव्हतं न्हवं?” आत्तीनं विचारलं.

“नव्हतं. सही घेऊन द्यायचो,” अक्कोरू म्हणल्या. “पण कुठं कुठं म्हणं मेलेल्या बायकांच्या नावावर पाकिटं गेली. गुरांच्या आंबोणात गेली. म्हणून वरनं हे काढलंय.”

“चोर तिकडं आणि तोंड आमचं बघत्यात व्हय?”

“मी काय करू काकी? मला ह्यो फोन दिलाय, मी धरून फिरायलेय.”

त्या आमच्या घरी आल्या होत्या तवाचं हे बोलणं. फोन माझ्यासमोर धरला. त्येच्यात एक गोल फिरायला लागला. फिरला, फिरला, पोरगी एकदा पिऊन झाली तरी फिरायलाय. रेंज न्हाई. म्हणल्या, जांभळीखाली यावं लागंल.

आत्ती म्हणली, “बाराव्या दिवसाची बाळंतीण माळावर? वाऱ्यात?”

आमच्याकडं बाळंतीण चाळीस दिवस उंबऱ्याच्या भाईर जात न्हाई. डोक्याला फडकं घट्ट बांधायचं, कान झाकायचं, कानातनं वारं शिरलं की जलमभर डोकं ठणकतंय म्हणत्यात. आत्तीनं माझ्या डोक्याला दोन फडकी बांधली होती, एक सुती आणि वरनं तिची जुनी गरम शाल फाडून केलेलं. मला घाम यायचा. पण मी काढायची न्हाई. एक पोर गेल्यावर माणूस कशाला बी भितंय. फडकं काढलं म्हणून काय झालं तर?

तर मी जायाची न्हाई, फोन यायचा न्हाई, पाकीट अंगणवाडीत कुलपात. आमच्या घरापासनं दिसतंय ते कुलूप.

तवा माझी नणंद घरी होती. खानापूरकडं दिलीय तिला, माझं बाळंतपण म्हणून आली होती. नणंद म्हंजे माझी आतेभनच. लहानपणी यल्लम्माच्या जत्रेत लोक आमाला जुळ्या म्हणायचे. आमच्या दोघींचं नाक आज्ज्यावर गेलंय, हनुवटी पण. आता मी वाळले आणि ती भरली एवढंच. तिनं माझं आधार कार्ड बघितलं. त्येच्यावरचा फोटो मी शाळेत असतानाचा, गाल फुगलेले, दोन येण्या.

ती म्हणली, “वैनी, ही तू हायस की मी?”

“मी हाय.”

“मला तर मीच वाटायलेय.”

आत्ती चुलीपाशी होती. तिनं मान वर केली. तिच्या डोक्यात काय आलं ते आमा दोघींना कळलं. घरातलं पाणी नणंदेनं भरलं काय आणि मी भरलं काय, घागर भरली म्हंजे झालं. भाताची लावणी माझ्या वाटची तिनं केली तरी कोण विचारत न्हाई. कामाला माणूस बदली जातंय, आमच्यात त्यात काय वाईट मानत न्हाईत. रोजगारावर पण जातंय. ह्यात काय चुकीचं हाय हे आमाला कुणालाच वाटलं न्हाई, हे खरं सांगते. डोळंच तर मिचकावायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद माझं कार्ड घेऊन जांभळीखाली गेली. अक्कोरू तिला बघून म्हणल्या, “तू कशाला आलीस गे?”

“वैनीचं तोंड आणलंय.”

अक्कोरू आधी न्हाई म्हणल्या. मग म्हणं त्यांनी खाली आमच्या घराकडं बघितलं, फोनकडं बघितलं, आणि म्हणल्या, “उभी ऱ्हा.” फोननं एका दमात घेतलं. हिरवी खूण. खाली माझं नाव, माझ्या नवऱ्याचं नाव, सगळं बरोबर. नणंद हसत हसत घरी आली, डोक्यावर पाकीट.

“फोनला काय कळंना बघ. मी म्हणलं, डोळं मिचकावायचं म्हणजे एक का दोन? अक्कोरू म्हणल्या, गप ऱ्हा, कुणाला तरी डोळा मारल्यासारखं करू नकोस.”

सगळी हसलो आमी. आत्ती पण.

त्या पाकिटाचं काय झालं ते पण सांगते, न्हाईतर खोटं होईल. आत्तीनं सगळ्या पिठाचं लाडू केलं. पोर बघायला बायका येत्यात, त्यांना कोरडं कसं पाठवायचं? वरच्या वाडीवरनं आल्या, व्हाळापलीकडनं आल्या. प्रत्येकीच्या हातावर लाडू. माझ्या वाट्याला रोज एक होता, पण सहा दिवसांत डबा रिकामा. मी म्हणले, “आत्ती, सिस्टर म्हणली ते माझ्यासाठी हाय.” आत्ती म्हणली, “म्हयनाभराचं तू एकटी खाशील आणि दारात आलेल्यास्नी पाणी देऊ व्हय? पोरीला लोकांचा आशीर्वाद नको?” बेंगळूरात पाकीट बांधणाऱ्या माणसानं एका बाईचं तोंड मोजलं होतं. आमच्या घरात तोंडं किती येतात हे त्येला कसं कळणार?

नाचणीची आंबील, भात, लसणीची सुकी चटणी, कंद उकडून. ह्याच्यावर मी ऱ्हायले. पोरगी वाढत होती, पण मुंगीच्या चालीनं.

चाळीस दिवस झालं. नणंद सासरी गेली. पुढच्या म्हयन्याचं पाकीट आलं आणि मी म्हणले, आता मीच जाते. आत्तीनं फडकं काढू दिलं न्हाई, म्हणली तू अशक्त हायस, तीन म्हयनं बांध. पोरगीला झोळीत घेतली आणि चढ चढले. त्या चढाला मी तीनदा बसले. एकदा काजूच्या बनात, एकदा दगडावर, एकदा नुसतीच खाली. छातीत असं धडधडायचं की पोरगी दचकून बघायची.

जांभळीखाली अक्कोरूंनी फोन धरला. गोल फिरला. तांबडी फुली आली.

“पदर जरा मागं घे.”

घेतला. तांबडी फुली.

“फडकं काढतीस?”

मी इकडं-तिकडं बघितलं. वारं होतं. पण आत्ती न्हाई, म्हणून काढलं. कान एकदम गार पडलं, मला रडूच आलं. तांबडी फुली.

अक्कोरूंनी फोनवर काय लिहून आलं ते वाचलं आणि माझ्याकडं बघंनात.

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, ही बाई ती न्हवं.”

“कोण ती?”

“तू.”

मला आधी कळलंच न्हाई. मग त्यांनी सांगितलं. पैल्या बारीला जे तोंड घेतलं तेच त्यानं धरून ठेवलंय. त्येच्या हिशोबानं माझ्या नावाची बाई म्हंजे माझी नणंद. आणि मी कोण तर माझ्याच कार्डावर पाकीट मागायला आलेली दुसरीच बाई. चोर.

“मग तुमी सांगा की त्येला, मला वळखता न्हवं?”

“मला कोण विचारतंय?” अक्कोरू म्हणल्या. एवढ्या चिडून मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “दोन्ही बाळंतपणांत तुझ्यासाठी पळाले मी. तुझ्या बाला वळखते, तुझ्या आज्ज्याला वळखत होते. पण मी नुसती फोन धरायला हाय. आणि वर सांगायला जावं तर काय सांगू? पैल्यांदा दुसरीचं तोंड मीच घेतलं म्हणून? मला काढून टाकतील.”

ते खरं होतं. आमी दोघी त्या जांभळीखाली बसलो, चोरी केल्यासारख्या. खाली अंगणवाडीत माझं पाकीट कुलपात. अक्कोरू म्हणल्या, उंदरानं पोत्याला भोक पाडलंय, उंदराला तोंड दाखवावं लागत न्हाई.

त्येच्यानंतर मी चारदा तो चढ चढले. माझ्या अंगातलं रक्त वाढवायला जे खायाचं, ते मिळवायला मला असलेलं रक्त त्या चढावर घालवायला लागायचं. हे कुणाला सांगायचं? एकदा अक्कोरू म्हणल्या, उजेड कमी हाय. एकदा म्हणल्या, उजेड जास्त हाय. एकदा फोनची बॅटरीच संपली, करंट तीन दिवस नव्हता. नणंदेला खानापूरवरनं बोलवावं म्हणलं, तर तिची सासू फोनवर म्हणली, “डोळं मिचकावायला दोन बस बदलून यायचं व्हय? इकडं भात कोण कापतंय?” तिचं पण बरोबर.

चौथ्या बारीला अक्कोरूंनी शोधून काढलं की तोंड नव्यानं भरता येतंय. पण त्येला कार्डावरच्या फोनला एक नंबर येतोय, तो सांगावा लागतोय. कार्डावरचा फोन माझ्या नवऱ्याचा. तो गोव्यात, बिल्डिंगच्या कामावर. अक्कोरूंनी जांभळीखालनं त्येला फोन लावला.

“तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत, तेवढं सांगा.”

“कोण बोलायलंय?”

“मी अंगणवाडीची अक्कोरू.”

“आकडे सांगत न्हाई मी. पंचायतीत बँकेचा माणूस येऊन सांगून गेलाय. आईनं विचारलं तरी सांगू नको म्हणलाय.”

मी फोन घेतला. चढ चढून आलेली, एका शब्दाला एक श्वास. म्हणले, “मी बोलतेय, आकडे सांगा.”

तो म्हणला, “कोण तू? आमच्या हिचा आवाज असा न्हाई.” आणि कट.

मी त्या फोनकडं बघत बसले. फोनला माझं तोंड पटंना, नवऱ्याला माझा आवाज पटंना. परत लावला तवर त्यो नंबर मेला होता. त्येचं आयुष्य दहा मिनिटांचं असतंय म्हणं.

आणि दोन म्हयनं भरले.

त्या दिवशी सिस्टर आली. संगट मोठ्या मॅडम, सगळ्या अंगणवाड्या तपासायला येतात त्या. जीप व्हाळाच्या पलीकडंच थांबती, तितनं चालत आल्या, साडी गुडघ्यापत्तूर भिजलेली. मॅडमना फोनवर कायतरी पाठवायचं होतं म्हणून सगळीच जांभळीखाली. मी पोरगीला घेऊन आले, मागनं आत्ती. आत्ती पैल्यांदाच आली होती, मला एकटीला सोडायला तयार न्हवती.

सिस्टरनं जांभळीच्या फांदीला काटा अडकवला, पोरगीला झोळीत घातलं. काटा हालायला लागला. पोरगी लाथा मारायली. लाथ मारली की काटा तीनच्या पुढं जायचा, गप झाली की मागं. मी मनात म्हणत होते, मार गं बाय, मार लाथ. सिस्टर थांबली. पोरगी दमली. काटा उभा ऱ्हायला.

“दोन किलो आठशे.”

सिस्टरनं वही काढली.

“जायला लागंल गं,” ती म्हणली. “उद्या गाडी सांगते. भिऊ नको.”

भिऊ नको म्हणल्यावर मी खाली बसले. मला त्यो घाट दिसायला लागला, ते वळण, ती गाडी पुढं जाऊन वळलेली. आणि अक्कोरूंचं काय होईल, मॅडम काय म्हणतील, काय पण डोक्यात ऱ्हायलं न्हाई.

मी म्हणले, “मला पाकीट मिळालंच न्हाई. पैलं आलं ते माझ्या नणंदेच्या तोंडानं आलं. आणि ते पण लाडू करून गावात वाटलं. त्येच्यानंतर मी पाच बारी हितं आले, फोन मला मी म्हणू देत न्हाई. तिच्या अंगात रोग न्हाई. मी खाल्लं न्हाई म्हणून तिला न्हाई.”

दम लागत लागत बोलले, मधे मधे थांबले, पण सगळं बोलले. अक्कोरूंनी पदर तोंडाला लावला. आत्ती म्हणली, “मीच पाठवलं पोरीला. हिचा दोष न्हाई, बाईंचा न्हाई. मला आत घाला.”

मॅडम आत्तीकडं बघायल्या. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी जांभळीच्या मुळावर बूड टेकलं, चपलेतलं पाणी काढलं. म्हणल्या, “माझ्याकडं चाळीस अंगणवाड्या हायत आजी. कुणाकुणाला आत घालू?”

मग सिस्टरला विचारलं, “पाकीट मिळालं तर?”

सिस्टर म्हणली, “आज मिळालं आणि हिनंच खाल्लं, तर आठ दिवस वाट बघते. सातशे ग्राम वाढवलेत तिनं आंबिलीवर. आणखी दोनशेच ऱ्हायलेत. पण नववा दिवस न्हाई.”

मॅडमनी स्वतःचा फोन काढला. म्हणल्या, नवीन तोंड भरूया, माझ्याकडनं होतंय. नवऱ्याला फोन लावला. ह्या बारीला आत्तीनं फोन हातात घेतला आणि त्येला सांगितलं, “आई बोलायलेय. बँकेचा माणूस काय म्हणतोय ते नंतर बघू. आकडे सांग, न्हाईतर मी गोव्याला येते.” त्यानं आकडे सांगितले.

फोननं विचारलं, तोंड का बदललं. कारण निवडायचं होतं. मॅडम वाचत गेल्या. ऑपरेशन. अपघात. वय.

“ऑपरेशन झालंय तुझं?”

“न्हाई.”

“वय किती?”

“तेवीस.”

“बाळंतपण न्हाई ह्यात,” मॅडम खाली-वर करून बघायल्या. “बायकांसाठीच केलंय आणि बाळंतपण न्हाई.” त्यांनी अपघात दाबलं.

मग मला उभी केली. “फडकं काढावं लागंल,” मॅडम आत्तीला म्हणल्या, हळूच.

मी आत्तीकडं बघितलं. माळावर वारं सुटलं होतं, जांभळीची पानं वाजायली होती. आत्ती माझ्या मागं आली. तिनंच गाठ सोडली, वरची, मग आतली. आणि लगेच तिचे दोन्ही हात माझ्या कानांवर. खरखरीत हात, राखेचा वास. असं दाबून धरलं की मला बाकीचं लांबनं आल्यावानी ऐकू यायला लागलं.

फोनवर काय तरी आलं. मॅडमचे ओठ हलले. आत्ती म्हणली, “काय?”

“हात काढा म्हणतोय. चेहऱ्यावर अडथळा हाय.”

“अडथळा,” आत्ती म्हणली. तिनं हात काढलं न्हाईत. बोटं तेवढी मागं सरकवली, गालावरनं, नुसतं कानाचं भोक झाकंल एवढीच ठेवली. मी डोळं मिचकावलं. गोल फिरायला लागला. फिरला. मी परत मिचकावलं. तिकडं पोरगी सिस्टरच्या हातात रडायली, माझं दूध चोळीला लागायलं, आणि गोल फिरायलाय. आणि रेंज गेली. उगवतीला उभं असून गेली.

मॅडमनी फोन खाली केला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग अक्कोरूंकडं बघून म्हणल्या, “कोट्टबिडी.” देऊन टाका.

अक्कोरू म्हणल्या, “मॅडम, फोनमधे दिसणार न्हाई.”

“वहीत लिव्हा. मी सही करते. विचारलं तर मी सांगते.”

“तुमाला विचारतील.”

“विचारू दे की. त्यांनी एकदा हितं येऊन विचारावं.”

त्या दिवशी अक्कोरूंनी कुलूप काढलं तवा मी दारातच उभी होते. अडकलेलं एक आणि नव्या म्हयन्याचं एक, अशी माझी दोन पाकिटं, आणि कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेलं पोतं. आत्तीनं दोन्ही डोक्यावर घेतली. घरी गेल्यावर तिनं पीठ एका डब्यात भरलं, डबा माझ्या उशाशी ठेवला. वरच्या वाडीवरची एक म्हातारी पोर बघायला आली, तिला आत्तीनं गुळाचा खडा आणि पाणी दिलं. म्हातारीनं डब्याकडं बघितलं. आत्ती म्हणली, “ते औषध हाय.” त्या आठ दिवसांत तिनं तीन बायकांना तसंच सांगितलं. तसं सांगताना तिला किती जड गेलं असंल ते मला ठाव हाय. अक्कोरू पण रोज दुपारी अंगणवाडीतलं एक उकडलेलं अंडं पदराखाली घेऊन यायच्या आणि मी गिळेपत्तूर उभ्या ऱ्हायच्या. त्येची वही कुठं न्हाई.

आठव्या दिवशी चढ चढले. दोनदा बसले. सिस्टर आधीच आली होती, काटा फांदीला. पोरगीला घातलं. ह्या बारीला ती झोपली होती, लाथ बिथ काय न्हाई, त्यामुळं काटा लगेच उभा ऱ्हायला. तीनच्या रेघेच्या जरासा पुढं. एका नखाएवढा. सिस्टरनं तिला काढलं, काटा शून्यावर हाय का बघितला, परत घातलं. तेवढाच पुढं.

“ऱ्हावू दे घरी,” ती म्हणली आणि वहीत लिव्हलं.

आत्ती झाडाला हात लावून पाया पडली.

तेवढ्यात अक्कोरूंचा फोन वाजला. त्यांनी बघितलं. आठ दिवसांपूर्वी मॅडमनी भरलेलं तोंड, रेंज आल्यावर आपोआप गेलेलं, आता मंजूर होऊन आलं होतं. फोनमधे मी होते, डोळं अर्धं मिटलेली, कानाच्या मागं आत्तीची चार बोटं. खाली माझं नाव. त्येच्या खाली कारण.

“काय लिव्हलंय?” आत्तीनं विचारलं.

“अपघातामुळं चेहऱ्यात बदल,” अक्कोरूंनी वाचलं.

“लिव्हू दे,” आत्ती म्हणली. “घाटात जावं लागलं न्हाई न्हवं.” आणि तिनं फडकं झटकून परत माझ्या डोक्याला बांधलं, दोन्ही गाठी, आधीपेक्षा घट्ट.